दादाच्या दहाव्याची यादी

शनिवार, १० जानेवारी १९९८. पुणे स्टेशन, पहाट.

हजर: मी, म्हणजे शालन, वय बावन्न, कराडच्या एका शाळेत मुख्य लिपिक, आणि माझा धाकटा भाऊ सुरेश. ज्याच्याकडे निघालो होतो तो आमचा थोरला भाऊ, दादा, गुरुवारी दिल्लीत गेला. ऑफिसातून घरी आला, चहा मागितला आणि कप यायच्या आत खुर्चीतच गेला. केंद्र सरकारच्या एका कचेरीत त्याची तीस वर्षं झाली होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

सामान मी रात्रीच यादीप्रमाणे तपासलं होतं. दोन घोंगड्या, स्वेटर, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काळे तीळ, जवाचं पीठ, कृष्णेच्या पाण्याची बाटली आणि दर्भाची जुडी. दर्भ दिल्लीत मिळेल न मिळेल म्हणून मी तो ओल्या फडक्यात बांधून घेतला होता.

"ताई, तिथे गवत उगवत नाही का?" सुरेशने विचारलं.

"उगवत असेल. ऐन वेळी शोधत कोण बसणार?"

गाडी रविवारी सकाळी सहाला निजामुद्दीनला पोहोचायची होती. झाशीपर्यंत वेळेवर होती. त्यानंतर धुकं लागलं. आपल्याकडे महाबळेश्वरला धुकं असतं, ते येतं आणि जातं. हे धुकं जागचं हलत नव्हतं. खिडकीबाहेर हात धरला तर बोटं दिसत, पलीकडचा रूळ दिसत नसे. मथुरेच्या अलीकडे गाडी पाच तास उभी राहिली. एक फेरीवाला पेठा (कोहळ्याची पाकातली मिठाई) विकत डब्यातून तीनदा गेला. तिसऱ्यांदा समोरच्या बाकावरचे सरदारजी त्याला म्हणाले, "ओए, तू भी घर चला जा यार, हम तो यहीं बस गए हैं." सुरेश हसला. मग आपण कशासाठी निघालोय ते त्याला आठवलं.

संध्याकाळी सहाला उतरलो. बारा तास उशीर.

रिक्षा यमुनेच्या पुलावरून गेली तेव्हा खाली पाणी दिसलं नाही, फक्त वास आला. मयूर विहारमध्ये दादाची सोसायटी चार मजली इमारतींची आहे. सगळे सरकारी नोकर, भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढून घरं घेतलेले. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात चपलांचा ढीग असेल असं मला वाटलं होतं. एकही चप्पल नव्हती. दार नितीनने उघडलं. नितीन दादाचा एकुलता एक मुलगा, वय सत्तावीस. आतल्या खोलीत वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोपऱ्यात पांढऱ्या चादरींच्या घड्या करून ठेवल्या होत्या.

"वन्सं, उशीर झाला तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "आज चौथा होता. तीन ते चार."

चौथा म्हणजे चौथ्या दिवशीची शोकसभा. इकडच्या पंजाबी लोकांची रीत. पेपरात दोन ओळींची सूचना देतात, लोक पांढरे कपडे घालून येतात, भजन होतं, तासाभराने हात जोडून सगळे उठतात. सोसायटीत कोणी गेलं की असंच होतं, म्हणून दादाचंही तसंच झालं. सगळी व्यवस्था शेजारच्या खुरानाजींनी केली होती.

मी हातपाय धुऊन आले, डायरी काढली आणि नितीनला विचारलं, "दहाव्याचं काय ठरलंय? शनिवार येतो."

तो म्हणाला, "आत्या, चौथा झाला ना. बिल्कुल ठीक झाला. दोनशे लोक आले होते."

"चौथा तुमच्या शेजाऱ्यांचा. आपला दहावा."

"अच्छा," तो म्हणाला. त्या 'अच्छा'चा अर्थ मला लागला नाही.

दहावा मी ठरवला हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. वहिनींनी मागितला नव्हता, नितीनने मागितला नव्हता. सुरेश म्हणाला होता, "ताई, बारीकसं काहीतरी करून मोकळं करू त्यांना." मी ऐकलं नाही.

सोमवारी खुरानाजी आले. वय सत्तरच्या पुढे, डोक्यावर लोकरीची टोपी. त्यांच्या पत्नीने कढी-चावल पाठवले होते. सुतकात आपण फोडणीचं खात नाही, पण वहिनींनी डोळ्यांनी खुणावलं म्हणून मी पातेलं घेतलं. तुमच्यात एका तासात सगळं उरकतं कसं, असं मी माझ्या मोडक्या हिंदीत त्यांना विचारलं. त्यांना राग आला नाही.

"बहनजी, हमारे यहाँ भी लंबा चलता था. मेरी दादी मरी तो औरतें कितने दिन दरी पर बैठी रहीं. फिर बँटवारा हुआ, इधर आए, कैंप में रहे. एक तंबू में तीन परिवार. कहाँ बिठाते? घंटे भर में निपटाते थे. फिर मकान बन गए, कोठियाँ बन गईं, पर घंटा वही रह गया."

फाळणीनंतर छावणीत जागा नव्हती म्हणून एक तास झाला. पुढे जागा आली, पण तोवर एक तास हीच रीत झाली होती. मी हे डायरीत टिपलं. फार मोठा अर्थ कळला म्हणून नव्हे. मी बहुतेक गोष्टी टिपते.

मंगळवारी लोहरी होती, पंजाब्यांचा शेकोटीचा सण. सोसायटीच्या अंगणात शेकोटी पेटली. खुराना भाभी दाण्यांची आणि रेवडीची (तीळ लावलेली साखरेची चपटी गोळी) पुडी घेऊन दारात आल्या. "इस बार ढोल नहीं बजाया, भाभीजी के लिए," त्या म्हणाल्या. सुतकाच्या घरात गोड आणायचं नसतं हे त्यांना कोण सांगणार? वहिनींनी पुडी देवळीत ठेवली. बुधवारी आपली संक्रांत. दर संक्रांतीला दादा इथल्या मराठी मंडळाच्या बसने पानिपतला, लढाईच्या जागी, काला अंबला जायचा. या वर्षी बस त्याच्याशिवाय गेली.

त्या दोन दिवसांत मी यादी केली. दहाव्याला पिंड ठेवला की कावळा शिवावा लागतो हे वाचकांना सांगायला नको. तो शिवत नसेल तर गेलेल्याचं काहीतरी मनात राहिलंय असं समजायचं आणि जवळच्यांनी एकेक करून कबूल करायचं: तुझं हे करीन, तुझं ते करीन. आमच्याकडे कृष्णाकाठी हे काम सोपं असतं. भोवती पन्नास माणसं उभी असतात. गेलेल्याचं बांधावरून कोणाशी वाकडं होतं, कोणत्या मुलीत जीव होता, सगळं सगळ्यांना ठाऊक असतं. कोणीतरी मागून म्हणतं, "अरे, धाकटीचं नाव घे," आणि पाचव्या मिनिटाला कावळा येतो.

इथे मला चौकशी करावी लागली. आधी वहिनींना विचारलं.

"काय सांगू, वन्सं. सकाळी सव्वाआठची बस, संध्याकाळी सातला घरी. मग बातम्या, जेवण, झोप. काही हवंय असं कधी बोललेच नाहीत." मग त्या म्हणाल्या, "फक्त नितीन ड्यूटीला निघाला की दारात उभे राहायचे. विचारायचे, काल काय काम केलंस रे? तो म्हणायचा, कंप्यूटरचं, पप्पा, तुमचं रोज तेच. आणि जायचा."

हे मी यादीत घेतलं नाही. ही काही इच्छा नव्हे असं मला वाटलं.

दादाच्या ऑफिसातल्या दोघांना फोन केले. "बहुत शरीफ आदमी थे," दोघेही म्हणाले. त्याला काय हवं होतं हे दोघांनाही सांगता आलं नाही. सुरेशला आठवलं की दादाने कराडला दोन गुंठे घेऊन ठेवलेत. शेवटी सात बाबी झाल्या. वहिनींना सांभाळणं, नितीनचं लग्न, कराडच्या जागेवर घर, पानिपतची वारी कोणीतरी चालू ठेवणं, आईच्या नावाने शाळेत बक्षीस, वहिनींचं रामेश्वर, आणि मयूर विहारचा फ्लॅट न विकणं.

शेवटची बाब गुरुवारी वाढली. नितीनला गुडगावला एका बिल्डरच्या कचेरीत कागद द्यायचे होते. तो म्हणाला, "चला, तुम्हाला नवीन फ्लॅट दाखवतो." तेव्हा कळलं की त्याने तिकडे नववा मजला घेतलाय आणि हा फ्लॅट विकायचा विचार आहे. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तो नेईल तिकडे."

गुडगावचा रस्ता मोठा आहे. दोन्ही बाजूंना बाभळीसारखी कीकरची झुडपं, मध्येच पिवळीधमक मोहरी, आणि मोहरीतून वर आलेले काँक्रीटचे सांगाडे. फलकांवर गोरी कुटुंबं कुत्र्यासह हिरवळीवर हसत होती. साइटच्या फाटकाशी खाटेवर एक म्हातारा हुक्का ओढत बसला होता. नितीन आत गेला तेव्हा सुरेशने त्याच्याशी गप्पा काढल्या.

"ताऊजी, यह ज़मीन किसकी थी?"

"म्हारी थी."

"अब क्या करते हो?"

"देखूँ सूँ," म्हातारा म्हणाला आणि सांगाड्याकडे बघत राहिला. त्याच्या शेजारी दोन नव्याकोऱ्या मोटारसायकली होत्या. हुक्का एकाच नळीचा होता, पण त्याने खाटेभोवती तीन मोडे (वेताची बसायची आसनं) मांडून ठेवले होते. तिन्ही रिकामे. आम्ही होतो तेवढ्या वेळात कोणी आलं नाही.

नवव्या मजल्याला अजून भिंती नव्हत्या. नितीन हाताने हवेत दाखवत होता: हा हॉल, हे मम्मीचं रूम, ही बाल्कनी. मी विचारलं, शेजारी कोण? तो म्हणाला, "पता नाही, आत्या. इथे कोणी कोणाला विचारत नाही, तेच चांगलं आहे."

शुक्रवारी मी दहाव्याची जागा पाहून आले. सोसायटीसमोरच्या दूध केंद्रावर सकाळी बरेच कावळे होते, पण पिंड नदीकाठी हवा. नदीच्या घाटावरही कावळे होते, शिवाय पांढरे पक्षी, शेकड्याने. नावाड्याने सांगितलं की ते थंडीत सैबेरियातून येतात. लोक पुण्य म्हणून त्यांना शेव घालतात. नावाडी स्वतःच शेवेच्या पुड्या विकत होता. कावळे पक्ष्यांच्या मागे फिरत सांडलेली शेव टिपत होते. मी डायरीत लिहिलं: कावळे भरपूर, जागा योग्य. माझी चूक इथेच सुरू झाली. त्यांची पोटं भरलेली आहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही.

शनिवार, १७ जानेवारी. घाटावर हजर: मी, सुरेश, वहिनी, नितीन, खुरानाजी, आणि घाटावरचे पंडितजी. कराडला पन्नास असतात. आम्ही सहा.

नितीनने केस अगदी बारीक केले होते. धोतर सुरेशने नेसवलं. पंडितजींनी भराभरा मंत्र म्हटले, नितीनने पिंड ठेवला आणि पंडितजी आपलं सामान आवरू लागले.

"थांबा," मी म्हटलं. "कौआ."

"काकबलि तो है, बहनजी, पर इंतज़ार कौन करता है?"

"हम करते हैं."

ते खुरानाजींकडे बघून हसले आणि बिडी ओढायला पायरीवर बसले. मी डायरी उघडली. पहिली बाब: वहिनींना आम्ही अंतर देणार नाही. दुसरी: नितीनचं लग्न मी जमवीन. मधे थोडा थोडा वेळ सोडून, मोठ्याने, एकेक बाब वाचत गेले. कावळे पंधरा पावलांवर होते. एक जवळ आला, मान तिरकी करून भाताकडे पाहिलं आणि शेवेकडे परत गेला. सुरेशने घराचं कबूल केलं, पानिपतचंही. वहिनी म्हणाल्या, "मी राहीन नितीनजवळ, काळजी करू नका." आवाज इतका बारीक की मलाही जेमतेम ऐकू आला. सातवी बाब नितीनने कबूल करायची होती. मी त्याला खूण केली.

"आत्या, फ्लॅट मी विकणार आहे. खोटं बोलू का?"

"मग काय हवं असेल त्यांना? तूच सांग."

तो पिंडासमोर उकिडवा बसला.  मग बोलायला लागला, दारात उभ्या माणसाशी बोलावं तसा.

"पप्पा, तुम्ही रोज विचारायचे, काल काय काम केलं. मी कंप्यूटरचं सांगायचो. मी टाइपिंग करतो. अमेरिकेतले डॉक्टर टेपवर बोलतात, मी हेडफोन लावून ऐकतो आणि टाइप करतो. पेशंटचं वय, काय दुखतं, कुठली गोळी दिली. कधी पेशंट मरतो, तेही टाइप करतो. इंजिनियर वगैरे काही नाही. तुम्ही सोसायटीत सगळ्यांना इंजिनियर सांगितलं होतं, म्हणून बोललो नाही. बुधवारी एक म्हातारा होता, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मी टाइप केलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. बस. हेच काम आहे माझं."

वहिनी त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात पाण्यावरून एक पांढरा पक्षी आला, पिंडाशेजारी उतरला, चोच मारून भात उचलला आणि गेला.

नितीन उठून उभा राहिला. त्याचा चेहरा मी पुन्हा तसा पाहिलेला नाही. "शिवला," तो म्हणाला. "आत्या, शिवला ना?"

पंडितजी पायरीवरून म्हणाले, "हो गया. पंछी तो पंछी है."

आणि मी म्हणाले, "हा कावळा नव्हे."

एवढंच म्हणून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी वाकले, विस्कटलेला भात गोळा केला आणि दोन्ही हातांनी पिंड पुन्हा सारखा करून ठेवला. टापटिपीची सवय. मागून सुरेश हळूच म्हणाला, "ताई, राहू दे की." मी राहू दिलं नाही.

आणखी तासभर थांबलो. खुरानाजींना गुडघ्यांमुळे उभं राहवेना, ते घरी गेले. नितीन पाठ करून नदीकडे बघत होता. शेवटी मी फडकं सोडलं, कराडहून आणलेल्या दर्भाचा कावळा वळला, चोच, दोन पंख, शेपूट, आणि नितीनच्या हातात दिला. नियमात ते बसतं. त्याने तो पिंडाला लावला, खाली ठेवला आणि धोतर सोडायला गेला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी समजूत काढली असती.

रिक्षात तो म्हणाला, "पप्पांना माझ्याकडून काही नको होतं, आत्या. तुमची लिस्ट बरोबर होती." त्यापुढे तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

तेराव्यानंतर आम्ही परत निघालो. स्टेशनवर वहिनी आल्या. नितीनची ड्यूटी होती. खुराना भाभींनी वाटेत खायला पराठे आणि लोणचं बांधून दिलं होतं. गाडी वेळेवर सुटली. मथुरेला धुकं नव्हतं. रुळाकडेला मोहरी होती आणि विजेच्या तारांवर ओळीने कावळे बसले होते. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

डायरीतलं खुरानाजींचं बोलणं मी त्या प्रवासात पुन्हा वाचलं. तंबूत जागा नव्हती म्हणून कोणीतरी पहिल्यांदा तासाभरात उरकलं असेल आणि कोणा मोठ्या माणसाने म्हटलं असेल, चालेल. आपल्याकडेही कधीतरी कुठेतरी कावळा आलाच नसेल. कोणीतरी गवत वळून पक्षी केला असेल आणि एखाद्या आत्याने, काकूने म्हटलं असेल, चालेल. तेव्हापासून तो नियम झाला आणि मी तो फडक्यात बांधून दिल्लीला नेला. गवताचा पक्षी चालतो आणि जिवंत पक्षी चालत नाही, हे मी ठरवलं. माझ्या आधी होऊन गेलेल्या कोणत्याही बाईने मला तसा अधिकार दिला नसता.

गावाकडे कावळा येतो, कारण गेलेल्याला काय हवं होतं हे कोणाला तरी ठाऊक असतं. ते ठाऊक असणं मागेच राहिलं. आमच्याबरोबर गेला तो फक्त कावळा. दादाला काय हवं होतं ते त्याच्या मुलाने सांगितलं, दादाला कळलं की नाही ते सांगणारा पक्षी आला, आणि मी तो नाकारला. आता दुसऱ्यांदा विचारायची सोय नाही.

या गोष्टीला दहा महिने झाले. नितीन आणि वहिनी गुडगावला राहायला गेलेत. वहिनींचा रविवारी फोन येतो. नवव्या मजल्यावर वारा फार आहे, लिफ्ट कधी कधी बंद असते, शेजारचं दार अजून उघडलेलं पाहिलं नाही, असं सांगतात. परवा मी वर्षश्राद्धाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "नितीन म्हणतो, कुठल्यातरी आश्रमात एक दिवसाचं जेवण देऊ. बाकी त्याला काही जमणार नाही, म्हणतो. आपल्या हातून चुकतं." मी विचारलं, "नितीन घरी आहे का?" त्या म्हणाल्या, "झोपलाय. रात्रीची ड्यूटी."

दिल्लीहून आल्यावर करायच्या कामांची यादी डायरीच्या मागच्या पानावर आहे. कराडच्या जागेचे कागद तलाठ्याकडे दिले, खूण केली. शाळेत आईच्या नावाने बक्षीस, खूण केली. खुरानाजींना आभाराचं कार्ड, खूण केली. पानिपतच्या मंडळाला वर्गणी, खूण केली.

पाचवी ओळ: नितीनला पत्र. त्यात एकच वाक्य लिहायचं आहे, तो पक्षी चालला होता. चार वेळा पाकिटावर पत्ता लिहून झाला. आत घालायचा कागद अजून कोरा आहे.